तोताराम नानांच्या भगिनी

तोताराम नाना भाषण करायला शिकले ते चळवळीच्या दिवसांत, धुळ्याच्या सभांमध्ये. तेव्हा समोर सरकार होतं. स्वातंत्र्यानंतर समोर साक्रीजवळचं त्यांचंच गाव आलं, आणि ते सरकारपेक्षा अवघड निघालं. ते टाळ्या वाजवायचं.

चौपन्न साली गावात पाचवीचा वर्ग मिळणार होता. अट एकच, जूनच्या आत खोली हवी. खोली म्हणजे उखर्डूभाऊंची कापसाची रिकामी वखार. ती मिळाली नाही तर मुलगे साक्रीला जातील आणि नानांची मुलगी शेवंता चौथीनंतर चुलीपाशी बसेल.

नाना चावडीत दोनदा बोलले. "बंधू आणि भगिनींनो" पासून थेट ग्रीस देशापर्यंत. उखर्डूभाऊ दोन्ही वेळा सगळं पटल्यासारखी मान डोलवत म्हणाले, "बठ्ठं बराबर शे, नाना. देखूत." त्या गावात वडीलधाऱ्याला तोंडावर नाही म्हणत नसत, 'देखूत', म्हणजे 'पाहू', म्हणत. हे नानांनाही ठाऊक होतं. फक्त भाषणाला उभे राहिले की ते विसरत.

"जिंकलो!" ते घरी येऊन म्हणाले.

त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी भाकरी उलटली. "तुम्ही बहिनीसले हाक मारतस. तठे एक तरी बहीन व्हती का?"

 

चावडीची पायरी बायका चढत नसत. म्हणून तिसरी सभा नानांनी उखर्डूभाऊंच्याच ओट्यासमोर बोलावली. बायकांना कुठे जावं लागलं नाही. शेजारच्या दारांत त्या एरवीही उभ्या असत. सुमनबाई तेवढ्या उखर्डूभाऊंच्या घरात, त्यांच्या बायकोपाशी जाऊन बसल्या.

"बंधू आणि भगिनींनो," नाना म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच भगिनींनी वर पाहिलं. ग्रीस देश तिथेच राहिला. "पोरींना पाचवी पाहिजे. भाऊ, वखार द्याल का?" एवढं बोलून ते खाली बसले.

"देखूत," उखर्डूभाऊ म्हणाले.

"देखतस काय?" दाराआडून त्यांच्याच घरचा आवाज आला. "आपली पोर बी चवथीमा शे."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. उखर्डूभाऊ आत गेले आणि वखारीची किल्ली घेऊन आले.

ते भाषण साफ पडलं, असं नाना शेवटपर्यंत मानत. त्या रात्री जेवताना त्यांनी उरलेलं सगळं, ग्रीससकट, सुमनबाईंना हातवारे करून ऐकवलं. बाईंनी ते सगळं ऐकलं, मान डोलवली आणि म्हणाल्या, "बठ्ठं बराबर शे."