शहापुरातली स्वीडिश काच

संजयचा फोन आला तेव्हा मी निपाणीहून परतत होते, बसमध्ये. "काकू, आत्या गेली," एवढंच तो बोलला. त्याची आत्या म्हणजे आमच्या शेजारच्या विमलाक्का. बेळगावच्या शहापुरातल्या विणकराच्या घरातली ही मुलगी तरुणपणी नर्स होऊन स्वीडनला गेली आणि निवृत्त झाल्यावर पेट्या भरून काच घेऊन परतली.

पन्नास-साठच्या दशकांत तिकडच्या कारागिरांनी तोंडानं फुंकून घडवलेले ते वाडगे, त्या फुलदाण्या. नक्षी नाही, सोनेरी कड नाही. जड बूड आणि पारदर्शक काचेच्या पोटात अडकलेला निळा किंवा धुरकट रंग. मला आधी त्यात काही दिसलंच नाही. आक्कांनी एक फुलदाणी खिडकीत धरली. "फूल घालू नको गं, नुसती बघ. फुंकणारा जिथं थांबला न्हवं, तिथंच आकार थांबलाय..."

तेव्हापासून माझे रविवार तिथंच गेले. पुसायचं, उजेड बघून जागा बदलायची. कॉलेजची मुलं येत, त्यांना ती काच कालपरवाची वाटे. आक्कांच्या माडीवरच्या खोलीत काच मांडून ती सगळ्यांसाठी उघडायची, हे आमचं ठरलेलं. "हे बेळगावातच राहणार, तुझ्या हाताखाली," आक्का म्हणायच्या. त्या भरवशावर मी मुलाकडं बंगळूरला राहायला गेले नाही.

तेरावं झाल्यावर संजय म्हणाला, "काकू, मंगळवारी पुण्याची माणसं काच न्यायला येणार. आत्यानं गेल्या वर्षीच तिथल्या एका संग्राहकाला सगळी देऊन टाकलीय."

"मला बोलल्या नाहीत..."

तो जरा घुटमळला. "मी म्हटलेलं, काकूंना सांग म्हणून. तर म्हणाली, शैलाला पुसायला बरं वाटतंय, मी हाय तवर पुसू दे."

म्हणजे वर्षभर मी कपाटं कुठं ठेवायची, पडदे कसले लावायचे हे विचारत होते आणि त्या मान डोलवत होत्या. इतका राग आला, की रडूसुद्धा आलं नाही. तरी मंगळवारी गेले. ती माणसं वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली होती. त्यांना थांबवून आक्कांच्या ट्रंकेतली सुती लुगडी काढली, एकेक नग स्वतः बांधून दिला. संजयनं एक वाडगा पुढं केला. "हा तरी तुम्हाला राहू दे." मी तोही बांधला.

परवा त्या माडीवर जाऊन बसले. जवळच्या माणसानं असं का वागावं, हे कुणाकडं तरी बोलून टाकायचं होतं. कुणाकडं जावं, असा विचार करू लागले, तर अजूनही आक्काच आठवल्या.