प्रज्योतचा उजवा अंगठा

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात प्रज्योतच्या अंगठ्याचं कुणाला सुतक नव्हतं, आणि असावं तरी कशाला? हात शाबूत होता. मूठ वळत होती, दोर धरता येत होता, जाळं ओढता येत होतं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा ताठ राहिला, एवढंच. त्याच्या आईनं, भागुबाईनं, एकवीरेला बोललेला नवस फेडूनही झाला होता. त्या दिवशी घरात कोंबडं शिजलं, चार नातेवाईक जेवून गेले. पानावर बसलेला प्रज्योत तेवढा रडवेला होता, पण हात वाचल्याच्या आनंदात त्याच्या तोंडाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

रडण्याचं कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते. चौतिशीचा, लग्न झालेला, बापाच्या बोटीवर कमावणारा गडी, आणि दुःख कसलं, तर टीव्हीवरचा फुटबॉल आता खेळता येणार नाही याचं!

हा नाद त्याला अलिबागला आयटीआयला असताना लागला. उरणकडच्या केतननं लावला. केतन आगरी, आजोबांची मिठागरं होती, आता घरात कंटेनर वाहणारे ट्रेलर. दोघं वर्ग बुडवून गेम पार्लरमध्ये जाऊन बसायचे. तिथून जो फुटबॉल चिकटला तो सुटला नाही. पुढे प्रज्योतनं टीव्हीला जोडून खेळायचा स्वतःचा कन्सोल घेतला. घरातली मंडळी त्याला ‘डबा’ म्हणत. बाप सदा, बोटीचा तांडेल म्हणजे प्रमुख, तो तर म्हणायचा, की पोराचं एक लग्न रचनाशी झालंय आणि एक डब्याशी. रचना बिचारी हसायची. तिला सवत चालली, कारण ती पावसाळ्यातच यायची.

जून-जुलैत मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, माणसं जाळी विणत बसलेली. त्या दोन महिन्यांची प्रज्योत वर्षभर डोळ्यांत प्राण आणून वाट बघायचा. सकाळी जाळी, आणि दुपारी जेवण झालं की कानाला हेडफोन लावून हा इकडे आणि केतन तिकडे उरणजवळ उलव्याला, दोघं ऑनलाइन. मैत्री खेळ सुरू होईपर्यंत. एकदा चेंडू हलला की केतन कसाई व्हायचा. पाच गोल चढवले तरी सहाव्याला हात आखडायचा नाही, वर ‘घरी जा, म्हावरं साफ कर’ म्हणून चिडवायचा. प्रज्योतला त्यातच सुख होतं.

गेममध्ये एवढं काय आहे, असं रचनानं एकदा विचारलं होतं. प्रज्योतला तेव्हा धड सांगता आलं नाही, पण मनात त्याचं उत्तर पक्कं होतं. दर्यावर माणसाच्या हातात काही नसतं. वारा बरोबर ओळखा, जाळं वेळेवर टाका, अंगातलं रक्त आटवा, तरी बोट रिकामी येते. आणि शेजारचा आळशी माणूस झोपेतून उठून टोपल्या भरून आणतो. दाद मागणार कुणाकडे? गेममध्ये तसं नाही. तिथे बटण हलकं दाबलं की चेंडू जवळच्या गड्याकडे जातो, किंचित धरून ठेवलं की लांबच्याकडे. ते किंचित किती, हे अंगठ्याला कळावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नाही. जिंकलास तर तुझ्यामुळे आणि हरलास तरी तुझ्यामुळेच. अख्ख्या आयुष्यात एवढा सरळ हिशोब त्यानं दुसरीकडे कुठे पाहिला नव्हता.

आणि नेमका तोच अंगठा गेला.

शिमगा होऊन थोडे दिवस झाले होते. बोट खोल दर्यात होती आणि मासळी चांगली लागत होती. जाळ्यातून मासे सोडवताना एका शिंगाळ्याचा काटा प्रज्योतच्या अंगठ्यात घुसला. शिंगाळा हा मिशीवाला मासा, त्याचा काटा विषारी, पण कोळ्याला तो आयुष्यात दहादा लागतो. कुणी त्याचं कौतुक करत नाही. हात खांद्यापर्यंत ठणकायला लागला तेव्हा प्रज्योत बापाला म्हणाला, “बाबा, काटा आत मोडलाय वाटतं.”

“मग? शिंगाळ्याच्या काट्यापायी बोट फिरवायची व्हय?” सदा म्हणाला. “खाऱ्या पाण्यात हात बुडवून ठेव. सगळं खेचून घेतंय ते. माझ्या बापानं हेच केलं, मी पण हेच करतंय.”

यात सदाची काही दुष्टाई नव्हती. मासळी लागली असताना काट्यासाठी बोट फिरवणारा तांडेल अजून जन्माला यायचाय. आणि खारं पाणी जखम बरी करतं, यावर कोळीवाड्याची देवाइतकी श्रद्धा. प्रज्योतचीही होती. त्यानं बादलीत दर्याचं पाणी घेतलं, हात बुडवला, आणि ठणका जरा उतरला की पुन्हा जाळ्याला लागला. दिवसा जाळं, रात्री बादली. बोट बंदराला लागली तेव्हा अंगठा काळानिळा होऊन टम्म फुगला होता आणि प्रज्योत तापानं बरळत होता.

अलिबागच्या डॉक्टरांनी काट्याचा तुकडा काढला, सडलेलं सगळं साफ केलं. हात वाचला. अंगठ्याची शीर मात्र गेली होती. आता तो वाकणार नाही आणि टोकाला काही कळणारही नाही, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, “काम काय करता?”

“मासेमारी.”

“मग चालेल. मूठ वळते आहे ना, काम अडणार नाही.”

सदानं हात जोडले. भागुबाईनं तिथूनच एकवीरेला नमस्कार केला. प्रज्योतच्या ओठावर प्रश्न आला होता, तो त्यानं गिळला. म्हातारे आईबाप बाजूला उभे असताना डॉक्टरला फुटबॉलबद्दल काय विचारणार! जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते खोटं नाही.

जून लागला. प्रज्योतनं डबा काढला, पुसला, लावला. अंगठा बटणावर ठेवला, तर बटण आहे की नाही हेच समजेना. तो मनगट वळवून दाबायला लागला. जवळचा पास लांब जाई, लांबचा पास पायाशीच घुटमळे. मग त्यानं कंट्रोलर मांडीवर टेकवून तर्जनीनं दाबून पाहिलं. बोट बिनचूक होतं, पण खेळ त्याला ठाऊक नव्हता. सोळा वर्षं जे साठवलं ते सगळं त्या एका पेरात होतं. प्रज्योतनं स्वतःच्या अंगठ्याला करकचून चावा घेतला. त्याला तेही कळलं नाही, आणि प्रज्योत ढसाढसा रडला.

रचनानं दारातून पाहिलं. ती जवळ येऊन बसली. “येवढा जीव तोडू नका,” ती म्हणाली. “शिकाल हळूहळू. केतनभावोजींना सांगा की सगळं.”

त्यानं सांगितलं. फोनवर केतननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अरे छोड ना भाई. ये ऑनलाइन, बघू.”

दुपारी दोघं बसले. प्रज्योत मांडीवर कंट्रोलर टेकवून तर्जनीनं खेळत होता. आपण पाच-सहा गोल खाणार हे तो धरूनच चालला होता. खाऊ दे. केतन शिव्या घालेल, चिडवेल, आणि निदान या एका जागी आपल्याला कुणी ‘बिचारा’ समजणार नाही. एवढ्याच आशेवर तो बसला होता.

केतनचे फटके गोलाच्या बाहेर जायला लागले. एकदा झालं, दोनदा झालं. समोर मोकळा गोल असताना त्यानं चेंडू मागे दिला. चिडवणं नाही, शिवी नाही. मग प्रज्योतचा एक पास चुकला, चेंडू लुळ्यासारखा गोलाकडे घरंगळत निघाला. केतनचा बचाववाला वाटेत उभा होता. तो बाजूला झाला. गोलकीपर कारण नसताना पुढे धावत आला, आणि चेंडू त्याच्या शेजारून आत गेला.

“क्या मारा भाई!” केतन हेडफोनमध्ये ओरडला. “आणि म्हणे अंगठा गेला!”

केतननं गोल मुद्दाम होऊ दिला, हे प्रज्योतला कळलं होतं. पण केतनचा आवाज इतका आनंदी होता, की त्याला खरं बोलवेना.

“व्हय,” तो म्हणाला. “जमतंय थोडं थोडं.”

सामना तेवढ्यावरच संपला. रचना धावत आली. “जिंकलात?”

“जिंकलो.”

तिचा चेहरा उजळला. सासूला सांगायला ती ओरडतच मागच्या दारी गेली, आणि तिथून भागुबाईचा हसण्याचा आवाज आला. प्रज्योतनं हेडफोन काढून खाली ठेवला. हरला असता, तर तो उद्या पुन्हा खेळायला बसला असता.