चावी फिरवण्याआधीची दुआ

स्कूटीच्या डिकीत काय काय साठत जातं ते ठेवणारीलाही कळत नाही. परवा मी माझी उघडली, तर दोन रुमाल, केसांचा एक मोडका क्लचर, कागदाला चिकटून बसलेली पेपरमिंटची गोळी आणि तळाशी घडी केलेली एक चिठ्ठी. चिठ्ठी शाहीन आपांच्या हातची. किस्स्यांचंही असंच होतं. एकेक आत टाकत जायचं, वरून सीट दाबायची, आणि एक दिवस सीट बसतच नाही.

शाहीन आपा नांदेडात बायकांना स्कूटी शिकवतात. शाळेमागचं मोकळं मैदान, सकाळी सहाची बॅच. आमच्या बॅचला तिघी होतो. अंगणवाडीच्या मंदाताई, दवाखान्यात नर्स असलेली सुजाता आणि मी, सना. एम.ए. बी.एड. झालेली, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी.

मला घाई होती. देगलूर रोडवरच्या एका गावात शाळेवर नोकरी लागली होती. शाळा साडेसातला भरते आणि पहिली एसटी तिथं नऊला पोचते. स्कूटी आली तर नोकरी, नाहीतर नाही. त्यातून आमचे अब्बा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. लग्नाहून परतताना सगळी जीप घोरते आणि अब्बा एकटे टक्क जागे. त्यांनी एकच अट घातली.

"सोमवारी हजर व्हायचंय ना? रविवारी मला मागं बसव अन् शाळेच्या गेटपर्यंत ने. मला बरं वाटलं तर जा. न्हाई तर ऑर्डर परत कर."

हातात तीन आठवडे होते.

*

आपांचा पहिला नियम असा की सवारीची दुआ म्हटल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही. तिचा अर्थ त्यांनी तिघींना सांगितला. पाक आहे तो, ज्यानं हे वाहन आमच्या ताब्यात दिलं, एरवी हे आम्हाला आवरणारं नव्हतं.

मंदाताई दहा मिनिटं गाडी मेन स्टँडवरून उतरवत होत्या. घाम पुसत म्हणाल्या, "आपा, ताब्यात दिलंय म्हणता, पण ह्याला कुणी सांगितलेलं दिसत न्हाई."

आपा हसल्या. म्हणाल्या, "तुम्ही तुमचं म्हणा की मंदाताई."

मंदाताईंनी डोळे मिटले. "रेणुकामाय, लेकराबाळाची आई हाय मी, संभाळ." आणि गाडी खरंच उतरली.

सुजाताला विचारलं तर ती म्हणाली, "मी काही म्हणत नसते. मी आधी ब्रेक तपासते."

आपांनी थोडा विचार केला. "ती पण दुआच हाय. चल, बस."

*

माझी गोष्ट वेगळी होती. मला दुआ येत होत्या. लहानपणी मशिदीतल्या मक्तबमध्ये ओळीनं पाठ केलेल्या. जेवणाची, आरशाची, घरातून निघायची, प्रवासाची, झोपायची. पण भीती वाटली की माझ्या डोक्यातली कपाटं हलतात आणि एका खणातलं दुसऱ्या खणात जातं.

पहिल्या दिवशी सीटवर बसले. मैदानावर धुकं होतं. समोरचा फुटबॉलचा खांब पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. मी डोळे मिटून, अगदी मनापासून दुआ म्हटली आणि चावी फिरवली. आपांनी मागून हात घालून चावी बंद केली.

"सना, काय म्हटलीस?"

"दुआ."

"कोणती?"

मी आठवून पाहिलं. तोंडातून झोपायची दुआ गेली होती. तुझ्याच नावानं मरते, तुझ्याच नावानं जगते.

"बेटा," आपा शांतपणे म्हणाल्या, "मरायचं अजून काही ठरलेलं न्हाई आपलं. पहिला गिअर पण नसतो ह्या गाडीला."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सीटवर बसलं की जिभेवर झोपच यायची. शेवटी आपांनी सवारीची दुआ मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून दिली. "पाठ हाय म्हणून सांगू नको. वाचून म्हण."

अब्बांना हे सगळं मी सांगितलं नाही. घरी कुणालातरी सांगितलं खरं, म्हणजे अम्मीला सांगितलं, म्हणजे अब्बांना कळलंच.

*

मंदाताईंना सकाळी शिंका येतात. त्यांच्या घरी निघताना शिंक आली की अपशकुन. थांबायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. त्यामुळे अर्धी बॅच त्यांच्या पाणी पिण्यात जायची.

आपा म्हणाल्या, "आमच्यात शिंक आली की शुक्र करतात, अल्लाहचे आभार मानतात. अल्हम्दुलिल्लाह. अन् ऐकणाऱ्यानं यरहमुकल्लाह म्हणायचं, म्हणजे देव तुझ्यावर रहम करो."

मंदाताईंनी पदर नाकाला लावून विचार केला. "म्हणजे ऐकणाऱ्यानं ते म्हटलं की निघायला हरकत न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

दोन आठवड्यांनी त्यांना एकटीनं तीन चकरा मारायच्या होत्या. हेल्मेट घातलं, आरसा नीट केला आणि आत दणदणीत शिंक आली. आम्ही बघतच राहिलो. मंदाताईंनी काच वर केली.

"अरे, कुणाचं काय म्हणायचं ते म्हणा की लवकर. अंगणवाडी उघडायचीय मला."

*

सुजाता पडली ती वाळूवर. गाडी बाजूला, ती बाजूला. काही लागलं नाही, पण उठता उठता तिनं जे तोंड सोडलं, ते ऐकून भिंतीवरचे कावळे उडाले आणि मीही अर्धा फूट उडाले.

आपा धावत आल्या. "शिवी देऊ नको. सवारी घसरली की शैतानाला शिव्या द्यायच्या नसतात. तो फुगतो, घराएवढा होतो. बिस्मिल्लाह म्हण, माशीएवढा होतो."

सुजाता गुडघा झटकत म्हणाली, "मी शैतान मानत न्हाई आपा."

"मग शिवी कुणाला दिली?"

सुजातानं मैदानाकडे एक नजर टाकली. "माझ्या हिशोबानं आज इथं एक कॉलनी उभी राहिली असल. प्लॉट पाडा."

*

शेवटच्या आठवड्यात आपा मागं बसून मला गोदावरीच्या पुलावर घेऊन गेल्या. वाटेत त्यांनी सांगितलं होतं की चढ लागला की अल्लाहु अकबर म्हणायचं, तो सगळ्यात मोठा; उतार लागला की सुब्हानल्लाह, तो पाक. वर जाताना माणसाला आपण मोठे वाटतो, म्हणून. खाली येताना घाबरतो, म्हणून.

मी गतिरोधकावरही म्हणत होते. वर जाताना एक, खाली येताना एक. नांदेडात तेवढ्यावर माणूस वली, म्हणजे संतच, होऊन जाईल.

पूल आला. ऊन अजून पाण्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. नदीवरून वाफ उठत होती आणि खालचं सगळं, वाळू, काठ, धुणी, कुणीतरी अर्धवट पुसून ठेवलेल्या पाटीसारखं दिसत होतं. गाडी चालते आहे की पूलच मागं सरकतो आहे, ते मला कळेना. हाताला पहिल्यांदाच घाम नव्हता.

"आपा, इथं चढ न्हाई, उतार न्हाई. इथं काय म्हणायचं?"



"सपाटीवर गप बसायचं," आपा म्हणाल्या. "नाहीतर त्यानं काही म्हटलं तर ऐकू कसं येणार?"

*

शनिवारी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी मैदानावर शेवटच्या चकरा मारत होते. थांबून आरसा सरळ करायला गेले तर त्यात माझाच चेहरा. आरशाचीही दुआ असते. माझी सूरत चांगली घडवलीस, तशी सीरतही, म्हणजे स्वभावही, घडव. या वेळी दुआ योग्य खणातून बाहेर आली, म्हणून मी खूश होऊन बघतच बसले.

तेव्हा आरशात, माझ्या कानाच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली एक माणूस दिसला. मफलर गुंडाळलेला, दुधाची पिशवी हातात. दूधवाला तर आमच्या घरासमोरच आहे.

मी वळले तोवर तिथं झाडच होतं.

"रोज येतात," मंदाताई म्हणाल्या. "आम्हाला वाटलं तुला ठाऊक हाय. तू वळलीस की डावा पाय टेकवतीस ना, तेव्हा ते इकडं उजवा पाय दाबतात."

*

रविवार. पहाटेची, फज्रची नमाज झाली आणि अब्बा हेल्मेट घालून पायरीवर बसून राहिले. मी चिठ्ठी काढली, मोठ्यानं वाचली, एकही अक्षर चुकलं नाही.  अब्बा मागं बसले, दोन्ही हातांनी मागची दांडी घट्ट धरली.

शहर संपेपर्यंत प्रत्येक ट्रकला गाडीचा तोल उजवीकडे जात होता. अब्बा उजव्या पायानं ब्रेक मारत होते, जो स्कूटीला पायाशी नसतोच. चौकात हॉर्न वाजला आणि मी दचकले, तसे तेही दचकले. पूल आला. मी गप्प बसले. मागंही गप्प होतं.

पूल संपल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंनी हळदीची शेतं, पानांवर दव, धुक्यात फक्त शेंडे वर आलेली बाभळीची झाडं. मी तीसवर होते. मग मागून पुटपुटणं ऐकू आलं. मला वाटलं, सवारीची म्हणताहेत. कान दिला.

ती नव्हती. तुझ्याच नावानं मरतो, तुझ्याच नावानं जगतो.

माझ्यासारखे तेही घाबरले की काय? तीस वर्षं माहूरचा घाट चढवणारा माणूस. मी वीसवर आले. समोरून एक ट्रक आला, मोठा, उसानं भरलेला, हॉर्न वाजवत. मी उजवीकडच्या झुकावासाठी अंग घट्ट केलं.

गाडी झुकलीच नाही.

ट्रक गेला. दांडीवरचा एक हात सुटून माझ्या पर्सच्या पट्ट्यावर आला. मग माझ्या पाठीला, दोन खांद्यांच्या मधोमध, हेल्मेट टेकलं. जड. तसंच राहिलं.

त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

शाळेचं गेट बंद होतं, रविवार ना. मी गाडी थांबवली, बंद केली, दोन्ही पाय टेकवले आणि तशीच बसून राहिले. गेटवर एक साळुंकी बसली होती. ती उडून गेली, परत आली.

बऱ्याच वेळानं पाठीवरचं वजन उचललं गेलं. मागून जागं होतानाची दुआ ऐकू आली, सबंध, सावकाश. अब्बा खाली उतरले. मफलर सारखा केला. गेटकडे पाहिलं, मग मागच्या टायरापाशी वाकून अंगठ्यानं तो दाबला.

"उद्या निघताना हवा बघून घे," ते म्हणाले.