जागा शिल्लक – एक

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आणि नुसता नव्हता असं नाही, मला त्याचा माज होता. पुण्यात असताना कुणीतरी चौकात उतरवून टाकलेलं लिंबू मी उचलून घरी आणलं, धुतलं, सरबत केलं आणि नवऱ्याला पाजलं. पिऊन झाल्यावर सांगितलं. बिचारा रात्रभर स्वतःची नाडी बघत बसला होता. अशी मी.

पुढची हकीकत घडली तेव्हा मी साठीची अल्लड पोर होते. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीची मला गंमत वाटते – काय तो तोरा, काय तो नाकावरचा चष्मा! फक्त हे आठवलं की गंमत वाटत नाही.

माझी नोकरी सरकारी दप्तरखान्यात गेली. मोडी कागद आणि कंपनीच्या काळातलं वळणदार इंग्रजी वाचून नक्कल करायची. नक्कल झाली की रुजवात. म्हणजे एकीने नक्कल मोठ्याने वाचायची, दुसरीने मूळ कागदावर बोट ठेवून प्रत्येक ओळीला 'हं' म्हणायचं. 'हं' आलं की खूण करायची आणि पुढची ओळ. आमचे हेडक्लार्क म्हणायचे, "एकट्याने रुजवात घालू नये बाई. 'हं' म्हणायला कुणी नसलं, की कुणीतरी म्हणतं." आम्ही मुली तोंडाला पदर लावून हसायचो. सगळ्यात मोठ्याने कोण, ते सांगायला नकोच.

निवृत्त झाल्यावर मुलाकडे आले, कुवेतला. निखिल पेट्रोकेमिकलमध्ये, घर फिंतासला. नात सई तेव्हा दुसरीत होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार. निखिलच्या ऑफिसातला ॲलन स्कॉटलंडचा. तो जवळच अहमदीला, तेलकंपनीच्या जुन्या बंगल्यांपैकी एकात राहायचा. त्याची आई इसोबेल त्याच्याकडे आली होती. तिला कॅन्सर होता, आणि डॉक्टरांनी सगळं स्पष्ट सांगून झालं होतं.

तिला एकच ध्यास होता – आपल्या गावाचा इतिहास लिहायचा. गाव कसलं, डोंगरातलं एक चर्च आणि भोवती मेंढ्या. तिथल्या जुन्या नोंदींचे स्कॅन तिने मागवले होते, पण तिला ते हस्ताक्षर लागेना. मला लागत होतं! झालं, आमची गट्टी जमली. रोज दुपारी फोन स्पीकरवर टाकायचा, मी फिंतासहून वाचायचं, तिने अहमदीत स्कॅनवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "आय." त्यांच्याकडे हो म्हणायची ती रीत; नाही म्हणायचं तर "ना." मला म्हणायची "लॅस" – म्हणजे पोरी. साठीच्या बाईला!

काय काय वाचलं आम्ही. रविवारी गवत वाळत घातलं म्हणून चर्चच्या पंचांनी कुणाला बोलावलं, कुठल्या मुलीला सगळ्यांसमोर उभं करून पोटातल्या मुलाच्या बापाचं नाव विचारलं... "तुमच्याकडचे पंच आमच्याच गावचे दिसतात," मी म्हटलं. ती खोकेपर्यंत हसली. मग म्हणाली, "शेवटी कबरींची वही वाचायची आहे, लॅस. आईशेजारी माझ्यापुरती जागा आहे का, तेवढं बघ. मला इथल्या वाळूत ठेवू नका."

ती वही यायला आणि इसोबेलला हॉस्पिटलात न्यायला एकच गाठ पडली. सकाळी ॲलनचा मेसेज आला. बाहेर धुळीचं वादळ, आकाश गेरूसारखं लाल, खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबलेले. शाळेला सुट्टी, सई घरात. वेळ थोडा उरलाय हे मला कळत होतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर एकटीच बसले. नक्कल केली आणि सवयीने रुजवात सुरू केली.

नाव वाचलं, कबरीचा क्रमांक वाचला. "आय." खूण केली. पुढची ओळ. "आय." खूण.

मला काही वाटलंच नाही हो! सगळी नोकरी 'हं' ऐकण्यात गेलेली. हात आपोआप चालत होता. मग इसोबेलच्या आईची ओळ आली. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पूर्वेची भिंत. "आय." आणि शेवटचा रकाना – जागा शिल्लक, एक.

"ना."

मी थांबले. नीट बघितलं, अक्षर स्वच्छ होतं. पुन्हा वाचलं, जागा शिल्लक, एक. "ना."

तेवढ्यात सई दुधाचा बाऊल घेऊन दारात आली. "आजी, हू आर यू टॉकिंग टू?"

"इसोबेल आजीशी गं."

"बट युअर फोन इज इन माय रूम. चार्जिंग." ती टेबलाच्या पलीकडे बघत होती. "अँड दॅट्स नॉट हर. दॅट्स अ किड."

दुसरी कुणी असती तर रामरक्षा म्हणत उठली असती. साठीच्या त्या शहाण्या पोरीने, म्हणजे मी, काय करावं? चष्मा पुसला आणि तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली. प्रयोग म्हणून! आवाज आला नाही. पण टेबलाच्या त्या बाजूने कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं... रडून झाल्यावर लहान मुलं घेतात ना, तसा तुटका. सई बाऊल तिथेच जमिनीवर ठेवून माझ्या मांडीत येऊन बसली.

दोन दिवसांनी वादळ ओसरलं, तेव्हा हॉस्पिटलला गेले. इसोबेल उशीवर मावेल एवढीशी झाली होती.

"जागा आहे?" तिने विचारलं.

"वहीत आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. मग न राहवून विचारलं, "तुला भाऊ-बहीण कुणी?"

"छे. आई म्हणायची, एकीनेच जीव नको केला." हसायचा प्रयत्न केला तिने. "आईजवळ, लॅस. बघशील ना?"

बघीन म्हटलं. त्याच आठवड्यात ती गेली.

ॲलन तिला गावी घेऊन गेला. दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. चर्चच्या आवारातूनच बोलत होता, मागे वारा ऐकू येत होता. भिंतीशी खणायला घेतलं, तर त्याच्या आजीच्या, म्हणजे इसोबेलच्या आईच्या, शवपेटीच्या वर आणखी एक पेटी लागली होती. छोटी. हातभर असेल-नसेल. कुठल्याही कागदात तिची नोंद नाही, गावात कुणाला माहिती नाही. ती हलवायची तर कोर्टाची परवानगी लागणार, तोवर आईला थांबवून ठेवायचं. नाहीतर दुसरीकडे जागा घ्यायची. तो मोठा इंजिनीअर माणूस, आणि मला विचारत होता.

"तिच्या मनातलं तुम्हाला माहिती होतं, आंटी. काय करू सांगा."

इसोबेलला दिलेला शब्द मला आठवत होता. पण तोंडातून जे आलं ते आमच्याकडची कुठलीही बाई म्हणेल तेच. "लहान मूल झोपलंय, ॲलन. त्याला उठवू नकोस."

इसोबेल पश्चिमेच्या भिंतीशी आहे. ॲलनने फोटो पाठवला होता. तिच्या आणि तिच्या आईच्या मध्ये चर्चकडे जायची पायवाट आहे.

निखिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, वरच्या मजल्यावर मुलं आहेत. एसीच्या डक्टमधून आवाज येतो." येतो, मलाही माहीत आहे. पण ती मुलं स्कॉटिश धर्तीवर 'आय' आणि 'ना' म्हणत नाहीत, आणि मी काय वाचतेय तेही त्यांना कळत नाही. सई आता कॉलेजात आहे. विषय काढला की खोलीतून उठून जाते. मी स्वतः खूप विचार केला. थकवा, सवय, धुळीने घुसमटलेला जीव – सगळी कारणं लावून पाहिली. एकही शेवटपर्यंत पुरत नाही.

कुणाला हसायचं असेल तर हसा, मीही हसले असते. पण एका मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द मी मोडला. ज्याच्यासाठी मोडला त्याचं नाव काय, मुलगा की मुलगी, इसोबेलचं कोण – मला काहीही माहीत नाही.