मागच्या सीटवरचं वजन

उभी गाडी दिसली की आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींचे दोन्ही तळहात तिच्या डिकीवर. जोरात दाबायची, सोडायची आणि ती किती वेळा झुलते ते मोजायचं. कार्ल्याच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडीसुद्धा सोडली नाही. माळा गळून पडल्या, आणि वर नवरदेवालाच ऐकवलं, "तीनदा हलली. शॉकॲब गेलं." असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, पंगतीत बसवला तरी ज्याचा एक डोळा चपलेवर असतो.

आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. दर मंगळवारी तिला लोणावळ्याहून तळेगावला व्यायामासाठी न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, गचका बसता कामा नये, नाहीतर पुन्हा ऑपरेशन. घरात वडिलांची जुनी मोटार होती, पण मागच्या चाकांवरचे, गचके झेलणारे लोखंडी पाटे मोडलेले. नवे घेणं माझ्या शाळेच्या पगारात बसेना. मिस्त्रींनी आंबीच्या भंगारातून एका टेंपोचे पाटे उचलले, कापले आणि बसवून टाकले.

गाडी मागून हातभर उंच झाली. पहिल्याच मंगळवारी कार्ले फाट्यावरच्या खड्ड्यात आई किंचाळली. माझं डोकंच फिरलं. मी मिस्त्रींना नाही नाही ते बोलले. चूक कुठे झाली ते उघड होतं. जन्मभर त्यांनी आंदर मावळात पंधरा-पंधरा माणसं कोंबून जाणाऱ्या जिपा दुरुस्त केल्या होत्या. असले जाड पाटे भरल्या गाडीतच दबतात; मागे एकटी म्हातारी बसेल, हे त्यांच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एकदम पाटे काढलं तर गाडी बसंल, बाई. एकेक काढून बघाय लागंल. तवर मी बसतो मागं. वजन पायजे तिला."

आणि बसले की हो! बसले म्हणजे काय, नुसती चुळबुळ. अर्धं अंग खिडकीबाहेर काढून पुढच्या ट्रकची चाकं न्याहाळायची. आई दटावायची, "भाऊ, वजनानं हलायचं नसतं." मग हात मांडीखाली दाबून ते गप्प, खड्डा आला की तेवढं "मावशी, धरा." आई त्यांच्यासाठी डब्यात घावन नेऊ लागली. वडील गेल्यापासून तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तीन महिन्यांत एकेक पाटा उतरत गेला. एका रविवारी मिस्त्री म्हणाले, "झालं, मावशी. आता माझं काम न्हाई." चहासुद्धा उभ्यानंच घेतला.

पंधरा दिवसांनी ते गेले. झोपेतच. आयुष्यभर धडपड करणारा माणूस, आणि जाताना कुणाला हाकसुद्धा मारली नाही. याचा मला अजून राग येतो.

पुढच्या मंगळवारी कार्ले फाट्यावरचा खड्डा कधी मागे पडला ते कळलंही नाही. आरशात पाहिलं, तर आईनं शेजारच्या रिकाम्या जागेवर डबा ठेवून त्यावर हात धरला होता. वडगाव आलं. मग म्हणाली,

"ते काढलेले पाटे परत नाही का गं बसवता यायचे?"