घाटातला परका देव

आमच्या निरवांगी गावात सगळे मला देवभक्त म्हणतात. पण ग्रीसच्या त्या डोंगरात गाडीत मागे बसले होते तेव्हा माझ्या मनात देव नव्हता, धाकटी जाऊ होती. ती पुढे बसली होती, तिच्या लेकाशेजारी. मला मूलबाळ नाही. सुधीर झाला आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा त्याला गाईच्या दुधावर मीच वाढवला. तो मला मोठ्याई म्हणतो आणि तिला आई. आता जर्मनीत नोकरीला आहे. सुट्टी काढून आम्हा दोघींना ग्रीस दाखवायला घेऊन आला होता. भाड्याची गाडी, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि हा प्रत्येक वळणावर विचारतोय, "आई, मळमळतंय का?" माझा नुसता जळफळाट चालला होता. मळमळायला मला काय पोट नव्हतं?

वर चढता चढता मोबाईलची रेंज गेली आणि नकाशा जागच्या जागी अडकला. पुढे दोन रस्ते फुटले. सुधीरनं अंदाजानं एक धरला. मला शंका आली, पण जाऊ ठसक्यात म्हणाली, "माजं लेकरू रस्ता चुकायचं न्हाय." माजं लेकरू! मी मनातल्या मनात खंडोबाला साकडं घातलं, की देवा, एकदा चुकू दे याला, म्हणजे हिचा तोरा तरी उतरेल. असलं मागणं मी आजवर कधी मागितलं नव्हतं.

थोडं पुढे एका वळणाआधी खांबावर पेटीएवढं देऊळ दिसलं. काचेच्या आत कुणा देवाची तसबीर आणि मिणमिणता दिवा. "सुधीर, गाडी थांबव," मी म्हणाले.

"मोठ्याई, अंधार पडायच्या आत पोचायचं हाय. आन् त्यो आपला देव न्हाय."

"घाटातल्या देवाला हात जोडल्याबिगर म्होरं जायचं न्हाय. गावाकडं चालतं आन् हितं न्हाय व्हय?"

आमच्याकडची ही रीतच आहे. पण खरं सांगायचं तर भक्तीपेक्षा या गाडीत माझंही कुणीतरी ऐकावं हीच हाव जास्त होती. सुधीर थोडा वैतागला, पण थांबला.

खांबाच्या पलीकडे काळ्या कपड्यांतली एक म्हातारी तेलाची बाटली घेऊन उभी होती. दिव्यात तेल घालायला आली असावी. आमची गाडी बघताच ती दोन्ही हात आडवे हलवत पुढे आली. रस्त्याकडे बोट दाखवलं आणि एक तळहात दुसऱ्यावरून खाली घसरवला. सुधीर वळणापर्यंत चालत गेला आणि पांढराफटक पडून परत आला. पलीकडे रस्ता दरीत खचला होता. ना दगड लावलेले, ना पाटी.

मी तिथेच मटकन खाली बसले आणि रडू लागले. मी चुकू दे म्हणाले होते, आणि तो खरंच चुकला होता. म्हातारीनं माझा हात धरला. सुधीरकडे बोट दाखवून तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. हा कुणाचा? मी मान खाली घातली. याचं उत्तर मला आयुष्यभर पाठ होतं: जावेचा.

तेवढ्यात जावेनं मला खांद्याला धरून उठवलं आणि पुढे केलं. "हिचा," ती मराठीतच त्या म्हातारीला म्हणाली. "आदी हिचा, मग माजा." म्हातारीला अक्षरही कळलं नसेल, पण तिनं मान डोलावली. सुधीरनं माझे डोळे आपल्या रुमालानं पुसले.

म्हातारीनं खुणेनं दाखवलेल्या रस्त्यानं आम्ही सुखरूप गावात पोचलो. त्या वळणावर आम्हाला आमच्या खंडोबानं थांबवलं की त्या काचेतल्या देवानं, मला ठाऊक नाही; मी दोघांनाही हात जोडते. माझ्या मनातली जळजळ पार गेली असंही म्हणणार नाही. देवानं माझी असूयाच हाताशी धरून गाडी थांबवली, एवढं मात्र मला कळलं. आता देवापुढे बसले की मागणं सुचत नाही. एवढंच म्हणते, बाबा, पुढचं वळण तुला दिसतंय, मला नाही. तूच ने.