लाखेच्या रंगाची कांडी

माझ्या पोरीनं लेथच्या यंत्रावर गरगर फिरणारी लाकडी कांडी मुठीत धरली अन् मी तिला मागं वढलं, तवर घासून वितळलेली लाल लाख तिच्या तळव्याला चिकटली होती. मी ती सोलाया लागले तशी बाजूला काम करणारी मावशी वरडली, "वढू नको गं, कातडी येईल संगं, पाणी वत." अहमदपुरातल्या कारखान्यात आमी जत्रंसाठी लाखेचा रंग चढवून जादूच्या खेळण्यातल्या कांड्या करीत होतो. घरी सांभाळाया कुणी न्हाई म्हणून लेकराला संगं नेलं, अन् गप बसावं म्हणून मीच सांगितलं होतं, "ही कांडी धरली की मागशील ते मिळतंय." तिचा हात पाण्यात धरून मी इचारलं, "काय मागितलंस गं?" हुंदके देत म्हणली, "आई, घरी चल." आजबी बांगडीवाल्याकडं लाखेचा वास आला की ती मूठ मिटून घेती. तिला गप बसवाया तुमी काय सांगितलं असतं?